अंदमानची कैदी वसाहत (१८५८–१९४५): कारभार कसा चालत असे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळे पाणी म्हणजे सेल्युलर जेलच ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की सुरुवात इथूनच करू. वसाहत सुरू झाली मार्च १८५८ मध्ये. सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले १८९६ ला आणि संपले १९०६ ला. म्हणजे पहिली जवळजवळ ४८ वर्षे काळे पाणी होते, पण ती इमारत पुरी झालेली नव्हती. जेल उभे राहिल्यावरही साध्या जन्मठेपेचा कैदी त्यात साधारण सहा महिने काढी आणि मग बाहेर जाई. बाहेर म्हणजे बराकीत, जंगलतोडीवर, वीटभट्टीवर, शेतावर, साहेबाच्या स्वयंपाकघरात.

१९०१ च्या जनगणनेत या वसाहतीत १६,१०६ माणसे नोंदली गेली. त्यांतली ११,९४७ कैदी होती. पुढे बांधून झालेल्या सेल्युलर जेलमध्ये कोठड्या होत्या ७०० च्या थोड्या खाली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लक्षात येते की बहुसंख्य कैदी भिंतीआड नव्हतेच. खरी भिंत समुद्राची होती, आणि तिच्या आत माणसाला जखडून ठेवणारी गोष्ट म्हणजे वर्षांचा हिशोब. हा हिशोब कळला की वसाहतीचा सगळा कारभार कळतो. म्हणून खाली त्यावर जास्त लिहिले आहे.

हीच बेटे का निवडली?

इंग्रजांचा तिथला हा दुसरा डाव. पहिला १७८९ चा. लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने पुढे पोर्ट ब्लेअर म्हटल्या गेलेल्या (२०२४ पासून श्री विजयपुरम) बंदरात चॅथम बेटावर वस्ती केली. पुढे ती उत्तर अंदमानात हलवली, तिथे तापाने माणसे मरू लागली आणि १७९६ ला सगळा पसारा आवरला. त्यानंतर साठ वर्षे कोणी फिरकले नाही.

१८५७ च्या उठावानंतर हजारो शिक्षा झालेले लोक हाताशी होते आणि त्यांना हिंदुस्थानातल्या तुरुंगांत ठेवायची सरकारला धास्ती होती. नोव्हेंबर १८५७ मध्ये डॉ. फ्रेडरिक मॉएट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने बेटे फिरून ब्लेअरचे जुने बंदरच योग्य ठरवले आणि त्याला त्याचे नाव दिले. २२ जानेवारी १८५८ ला कॅप्टन हेन्री मॅन याने तिथे झेंडा लावला.

कारणे सरळ होती. बंदर खोल आणि आडोशाचे. मद्रास आणि कलकत्ता दोन्ही सुमारे १,२०० किलोमीटरवर, म्हणजे पोहून वा होडग्यातून गाठण्याच्या पलीकडे. शिवाय बंगालच्या उपसागरात भरकटलेल्या जहाजांना इंग्रजांचा एक थांबा हवाच होता. समुद्र ओलांडल्याने जात जाते ही समजूत शिक्षेत फुकटची भर घालील, हाही हिशोब सरकारच्या मनात होता. मात्र मुंबई-कोकणातल्या दर्यावर्दी जातींना त्या समजुतीचे फारसे काही नव्हते, हे विसरू नये.

पहिल्या वर्षी एवढी माणसे का मेली?

आग्रा तुरुंगाचे अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर १० मार्च १८५८ ला ‘सेमिरामिस’ जहाजातून २०० कैदी आणि आरमाराचा छोटा पहारा घेऊन पोचले. पाठोपाठ इतर ठिकाणांहून, अगदी कराचीहूनही, कैदी येऊ लागले. जूनच्या मध्यापर्यंत ७०० हून जास्त कैदी उतरले होते. त्यांतले साठच्या वर रुग्णालयात मेले, सुमारे १४० पळाले ते परत दिसले नाहीत, आणि ८० हून जास्त जणांना पळाल्याबद्दल फाशी दिली गेली.

चुका एकापाठोपाठ एक झाल्या. पहिली पाण्याची. सुरुवात चॅथम बेटावर केली आणि तिथे गोडे पाणी पुरेना, म्हणून कैद्यांना रॉस बेटावर नेऊन ते साफ करायला लावले. दुसरी ऋतूची. मार्चमध्ये उतरायचे म्हणजे छप्पर घालायला जेमतेम दोन महिने, कारण मे महिन्यात तिथे पाऊस धरतो आणि वर्षाकाठी तीन मीटरच्या आसपास कोसळतो. तिसरी चूक माणसांची. आलेल्यांत शिपाई, जमीनदार, मुनशी, मौलवी पुष्कळ. कुऱ्हाड धरलेले थोडे. चौथी म्हणजे पळालेल्याला फाशी हा वॉकरचा उपाय. ज्याला जंगलात मरण आणि परत आले तरी मरण, तो परत कशाला येईल? कलकत्त्याच्या सरकारने या फाशा थांबवायला लावल्या. १८५९ मध्ये वॉकरच्या जागी आलेल्या कॅप्टन हॉटन याने हात सैल सोडला आणि पळणे कमी झाले.

हजारो कैद्यांवर पहारा कोण ठेवी?

बहुतांशी कैदीच. युरोपीय सैनिक, देशी पलटणीची तुकडी आणि पोलीस होते, पण ते दंगल झाली तर. रोजची हजेरी, कामावर नेणे, रात्री मोजून कोंडणे हे सगळे बढती मिळालेल्या कैद्यांच्या हाती असे. खालून वर पाहिले तर वॉर्डर, पेटी ऑफिसर, तंडेल, जमादार अशी उतरंड. ‘तंडेल’ हा आपल्या कोकणातल्या गलबतावरचाच शब्द. कैद्यांनी कैदी राखायची ही पद्धत इंग्रजांनी पिनांग-सिंगापूरच्या वसाहतींत आधी बसवली होती आणि तिथून ती तयार स्वरूपात अंदमानात आली.

कचेरीतही तेच. वसाहतीचा व्यवहार हिंदुस्थानीत, लिखाण पुष्कळसे उर्दूत; त्यामुळे लिहिता येणारा कैदी सोन्याच्या मोलाचा. १८५७ च्या उठावातले आणि इंग्रजविरोधी वहाबी चळवळीच्या खटल्यांतले शिकलेले कैदी मुनशी म्हणून वर्षानुवर्षे कचेऱ्या सांभाळत होते. जाफर थानेसरी हे त्यांतले सर्वांत माहितीचे नाव.

पद्धत स्वस्त होती, पण तिच्यात दोष मुरलेला होता. तंडेलाला पगार थोडा आणि सत्ता भरपूर. कामाचे माप तोच सांगणार, तक्रार वर तोच नेणार. त्यामुळे लाच, वशिला आणि मारहाण या पद्धतीच्या अंगातच होत्या. तंबाखूची पूड हे चलन होते. ती देऊन हलके काम मिळे, जास्तीचे तेल मिळे, डोळेझाकही मिळे. वरिष्ठांना हे माहीत नव्हते असे नाही. पण पर्याय म्हणजे पगारी माणसे आणणे, आणि ते परवडत नव्हते.

जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षे?

प्रघात असा की वर्तन चांगले असेल तर २० ते २५ वर्षांनी सुटका. १९०० नंतरच्या नियमांप्रमाणे पुरुष कैद्याचा जिना असा होता:

- पहिले सहा महिने सेल्युलर जेलमध्ये एकांत. शिस्त सर्वांत कडक. नियमाच्या दृष्टीने काम मात्र फार जड नाही.
- पुढचे दीड वर्ष एकत्र राहण्याच्या तुरुंगात. काम जड, शिस्त थोडी सैल.
- पुढची तीन वर्षे बराकीत. दिवसा पहाऱ्यात बाहेर मजुरी, रात्री कुलूप. मोबदला शून्य, पण कोणाला काय येते याची नोंद होत असे.
- पुढची पाच वर्षे मजूर कैदीच, पण वॉर्डर-पेटी ऑफिसरच्या जागेला पात्र. अगदी थोडा भत्ता. तो खर्च करावा किंवा वसाहतीच्या बचत बँकेत टाकावा.
- दहा वर्षे पुरी झाली की ‘टिकट’. आता हा सेल्फ-सपोर्टर: गावात राहायचे, स्वतः कमवायचे, शेती करायची, गुरे पाळायची, लग्न करायचे किंवा घरची माणसे बोलावून घ्यायची.

टिकट म्हणजे सुटका नव्हे, हे वारंवार सांगावे लागते. टिकटवाल्याला बेट सोडता येत नसे, रिकामे बसता येत नसे, आणि दिवाणी हक्क नसत. सुरुवातीला घर, धान्य, अवजारे यांची मदत मिळे आणि सारा माफ असे. तीन-चार वर्षांनी मदत बंद आणि सगळे कर चालू. गुन्हा घडला की टिकट रद्द होऊन माणूस जिन्याच्या खालच्या पायरीवर.

मुदतीची शिक्षा असलेल्याला टिकट मिळतच नसे. मुदत संपली की त्याला परत पाठवत. त्यामुळे दहा वर्षांच्या शिक्षेचा कैदी कधीकधी जन्मठेपेवाल्याचा हेवा करी. नियम कागदावर किती सुबक होते आणि प्रत्यक्षात किती विचित्र, त्याचा हा नमुना.

गळ्यातल्या बिल्ल्यावर काय लिहिलेले असे?

लोखंडी कडीत अडकवलेला लाकडी बिल्ला. त्यावर कैद्याचा क्रमांक, दंडविधानाचे कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. माणूस समोर आला की कागद न उघडता अधिकाऱ्याला तो कोणत्या पायरीवर आहे ते कळावे, ही त्यामागची सोय. धोकादायक ठरवलेल्यावर वेगळी खूण असे.

विनायक दामोदर सावरकरांचा क्रमांक ३२७७८ आणि सुटकेचे साल १९६०. दोन जन्मठेपा, प्रत्येकी २५ वर्षे, एकापुढे एक. १९१० पासून मोजली की १९६०. साध्या कैद्याच्या बाबतीत बिल्ल्यावरचे हे साल पुढेमागे होऊ शके, कारण चांगल्या वर्तनाची सूट त्यात नंतर धरली जाई.

मुंबई इलाख्यातला कैदी तिथे पोचत कसा असे?

शिक्षा ऐकवल्यावर त्याला काही काळ इकडच्याच तुरुंगात ठेवत. काळ्या पाण्यासाठी निवडलेल्यांना ठाण्याच्या तुरुंगात गोळा करत. डॉक्टर तपासणी करी. फार म्हातारे आणि आजारी गाळले जात. मग बेड्यांसह रेल्वेने मद्रास आणि तिथून बोटीने पोर्ट ब्लेअर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराजा’ नावाची आगबोट कलकत्ता, मद्रास, रंगून यांच्याकडे फेऱ्या करत असे. सावरकर तिनेच ४ जुलै १९११ ला पोचले. कैद्यांच्या एका खेपेला ‘चलान’ म्हणत आणि जेलमध्ये जुने कैदी नव्या चलानाची वाट पाहत, कारण बाहेरची बातमी मिळण्याचा तो एक मार्ग होता.

आपल्या इलाख्याचा या पद्धतीशी संबंध अंदमानाहून जुना आहे. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबईचे कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले गेले. उलट दिशेचाही ओघ होता: मलाया-सिंगापूरकडचे चिनी आणि मलायी कैदी इकडे आणले जात. महाबळेश्वरला १८३४ ते १८६४ त्यांचा तुरुंग होता; ते बटाटे आणि विलायती भाज्या पिकवत आणि वेताचे काम करत. महाबळेश्वरच्या वेताच्या खुर्च्या-टोपल्यांचे मूळ तिकडे जाते.

कोणते बेट कशासाठी होते?

रॉस हे मुख्यालय. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, क्लब, बाजार, पलटण, सगळे एका चौरस किलोमीटरपेक्षा लहान बेटावर. व्हायपर हे बेडीतल्या टोळ्यांचे आणि फाशीचे बेट. सेल्युलर जेलपूर्वीचा तुरुंग तिथला. नावाचा सापाशी संबंध नाही. ब्लेअरच्या जहाजाचे नाव ते. चॅथमवर १८८३ ला लाकूड कापण्याची गिरणी आली. साउथ पॉइंटला बायकांचा तुरुंग, हॅडोला रुग्णालय आणि वेड्यांचे इस्पितळ, डंडास पॉइंटला वीटभट्ट्या. अबर्डीन म्हणजे आजचा भर बाजार. सेल्युलर जेल त्याच्याच टेकडीवर आहे.

कामे अशी विखुरलेली असल्याने सगळे काही होड्यांवर चाले: धान्य, पाणी, आजारी, हजेरीचे कागद. वादळ झाले की एका बंदरातल्या दोन किनाऱ्यांचा संबंध तुटे.

सर्वोच्च अधिकारी कोण असे?

आधी अधीक्षक. १८७२ पासून अंदमान आणि निकोबार एकत्र करून चीफ कमिशनर हे पद आले; पहिले जनरल डोनाल्ड स्ट्यूअर्ट. चीफ कमिशनर हाच वसाहतीचा अधीक्षकही असे, आणि तो थेट हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याला जबाबदार. मुंबई, मद्रास, बंगाल यांपैकी कुठल्याही प्रांताचा त्यावर अधिकार नव्हता. ते फक्त कैदी पाठवत आणि सुटकेच्या वेळी त्यांचे मत विचारले जाई. १८७६ च्या रेग्युलेशनने न्यायाचे अधिकारही याच अधिकाऱ्यांच्या हाती एकवटले. तुरुंगाधिकारी, दंडाधिकारी आणि महसूल अधिकारी एकच असला की कैद्याने दाद कुठे मागायची, हा प्रश्न उरतोच.

लॉर्ड मेयोचा खून पहाऱ्यातल्या चुकीमुळे झाला का?

८ फेब्रुवारी १८७२. व्हाइसरॉय रॉस आणि व्हायपर पाहून झाल्यावर संध्याकाळी माउंट हॅरिएट या टेकडीवर गेले. आजाऱ्यांसाठी तिथे हवापालटाची जागा करता येईल का, हे पाहायचे होते. उतरेपर्यंत अंधार पडला. होपटाउनच्या धक्क्यावर शेरअली आफ्रिदी याने सुऱ्याने वार केले. ११ मार्चला त्याला व्हायपरवर फाशी झाली.

पहारा होता, पण भीती जिथे वाटत होती तिथे: रॉस आणि व्हायपरवर. होपटाउनला टिकटवाले, म्हणजे वर्तन चांगले म्हणून सैल सोडलेले लोक राहत. शेरअली त्यांतलाच, न्हाव्याचे काम करणारा. चांगल्या वर्तनाचा शेरा आणि मनातला इरादा यांचा संबंध असतो, असे ही व्यवस्था धरून चालली होती. त्या संध्याकाळनंतर शिस्त आवळण्याकडे कल वाढत गेला.

सेल्युलर जेल मग बांधलेच का?

कारण सरकारला वाटू लागले की काळ्या पाण्याची धास्ती गेली. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी केली. त्यांचे म्हणणे असे की इकडच्या तुरुंगातला कैदी तिकडे जायला खुशीने तयार होतो. पुढे जमीन, बायको, घर मिळते हे त्याला ठाऊक असते. उपाय म्हणून त्यांनी सुरुवातीलाच कडक एकांताचा टप्पा सुचवला. त्या टप्प्यासाठी ही इमारत.

मधे मनोरा आणि त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली शाखा. एका शाखेचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे समोरच्या कोठडीतला माणूस दिसणे अशक्य. कोठडी सुमारे साडेचार मीटर लांब, २.७ मीटर रुंद. सुमारे तीन मीटर उंचीवर एक झरोका. दाराची कडी भिंतीत खोलवर अशी बसवली की आतून हात पोचत नाही. सगळ्या शाखांची वाट मनोऱ्यातूनच, म्हणून रात्री थोडे पहारेकरी पुरत. सामुदायिक बराक एकही नाही. नावातला ‘सेल्युलर’ तो हाच.

जेलमधले रोजचे काम कसे मोजत?

वजनावर. संध्याकाळी प्रत्येकाचा माल तराजूत. कोलूवर, म्हणजे तेलाच्या घाण्यावर, खोबऱ्याचे तेल काढायचे तर दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. मोहरीचे असेल तर १० पौंड. त्याखालोखाल नारळाची सोडणे कुटून काथ्या काढणे आणि सुंभ वळणे.

कोटा चुकण्याची कारणे माणसाच्या हातात क्वचितच असत. पावसाळ्यात खोबरे दमट, तेल कमी सुटते. घाणा जुना असला तर दांडा जड जातो. अंगात ताप असला तरी ठरावीक अंशांवर गेल्याशिवाय रुग्णालयात जागा नाही. शिवाय शौचाच्या वेळा बांधलेल्या. मधेच जायचे तर वॉर्डरची मेहेरबानी. कोटा भरला नाही तर शिक्षेची चढण ठरलेली: ताकीद, भिंतीला उंच अडकवलेली खडी हातबेडी, दंडाबेडी, पाय जवळ न येऊ देणारी आडवी बेडी, गोणपाटाचे कपडे, नुसत्या कांजीवर ठेवणे, आणि शेवटी फटके.

१९१० च्या सुमारास दिवसाचा शिधा असा: तांदूळ ६ औंस, पोळीचे पीठ ५ औंस, डाळ २ औंस, भाजी ८ औंस, आणि नावापुरते मीठ-तेल. कोरडे धान्य मिळून साधारण ३७० ग्रॅम. कोलू ओढणाऱ्याला आणि बसून सुंभ वळणाऱ्याला तेवढेच. कागदावरचा शिधा आणि ताटातला शिधा यांत स्वयंपाकघरातली चोरी होती, ती वेगळी.

राजबंद्यांना वेगळे नियम होते का?

होते, आणि ते बहुतेक त्यांच्या तोट्याचे. १९०९ पासून माणिकतळा बाँब खटला आणि नाशिकच्या खटल्यांतले लोक येऊ लागले: बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर. जिन्याचा नियम लावला तर सहा महिन्यांनी त्यांना बाहेर काढायला हवे होते. पण बाहेर ते इतर कैद्यांना फितवतील या भीतीने पुष्कळांना वर्षानुवर्षे कोठडीतच ठेवले. लिहिता-वाचता येणारा साधा कैदी मुनशी होई. बॅरिस्टरी शिकलेला राजबंदी कोलूला जुंपला जाई. घरी पत्र वर्षातून एक.

जेलर डेव्हिड बॅरीच्या काळात एप्रिल १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला आणि उल्हासकर दत्तांच्या मनाचा तोल गेला. काम नाकारणे आणि अन्नत्याग ही राजबंद्यांची हत्यारे. १९१३ मध्ये गृहखात्याचे सर रेजिनाल्ड क्रॅडॉक स्वतः पाहणीला आले. त्यानंतर मुदतीच्या शिक्षेच्या राजबंद्यांना इकडे आणले गेले. सावरकर बंधू परत आले मे १९२१ मध्ये. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोईत्र यांचा मृत्यू झाला. जबरदस्तीने नळीतून दूध घालताना ते फुप्फुसात जाणे हा या उपचाराचा जुना धोका. १९३७ च्या उपोषणानंतर १९३८ पर्यंत राजबंद्यांना मुख्य भूमीवर आणले गेले.

बायकांचे काय?

संख्या नेहमी फार कमी, आणि सरकारला त्या हव्या होत्या त्या वसाहत स्थिर व्हावी म्हणून. साउथ पॉइंटच्या तुरुंगात पाच वर्षे काढली की लग्नाची किंवा घरकामाची परवानगी. लग्न टिकटवाल्या पुरुषाशीच. अर्ज आला की दोघांच्या जाती, आधीची लग्ने आणि गावाकडची माहिती मूळ प्रांताकडून मागवत. त्यात महिनोन्महिने जात. विवाहित बाई १५ वर्षांनी सुटू शके, पण नवराबायकोने एकत्रच बेट सोडायचे, म्हणजे एकाची मुदत संपली तरी दुसऱ्यासाठी थांबायचे. अविवाहितेला २० वर्षे. पोर्ट ब्लेअरमधला ‘शादीपूर’ हा भाग अशा जोडप्यांच्या वस्तीचा. त्यांची मुले म्हणजे ‘लोकल बॉर्न’. त्यांची बोली हिंदुस्थानी, आणि आईबापांच्या जातींची गाठ तिथे पुष्कळ सैल झाली.

पळून जाणे खरेच अशक्य होते?

बेटावरच्या बराकीतून निसटणे अवघड नव्हते. अवघड होते ते पुढचे आठ दिवस. जंगलात ओळखीचे खाणे नाही. किनाऱ्याने जावे तर अंदमानी टोळ्यांचे बाण. बांबूचा तराफा बांधून ब्रह्मदेश गाठायचा तर पिण्याचे पाणी आणि वाऱ्याची दिशा या दोन्हींचा मेळ लागतो, आणि उत्तर हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याला समुद्राची ओळखच नव्हती. पळालेले बहुतेक उपाशी परत येत किंवा नाहीसे होत.

अपवाद म्हणून दूधनाथ तिवारी. एप्रिल १८५८ मध्ये पळाला, अंदमानींनी जखमी केला पण ठेवून घेतला. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, आणि मे १८५९ मध्ये परत येऊन त्यांच्या हल्ल्याची खबर इंग्रजांना दिली. अबर्डीनच्या लढाईत अंदमानी हरले. तिवारीला माफी मिळाली.

अंदमानी लोकांवर या वसाहतीचा काय परिणाम झाला?

सर्वांत मोठी किंमत त्यांनी मोजली. १८६३ पासून त्यांच्यासाठी ‘अंदमान होम्स’ काढली. तिथे देखरेखीला कैदीच. धान्य, तंबाखूच्या बदल्यात पळालेले कैदी पकडून आणणे हे त्यांचे काम झाले. १८७६ मध्ये त्यांच्यात उपदंश पसरल्याचे उघड झाले, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ च्या गणतीत ग्रेट अंदमानी फक्त ६२५ उरले होते. जारवा ही दुसरी टोळी; ते या सगळ्यापासून दूर राहिले आणि जंगलतोडीच्या टोळ्यांवर बाण चालवत राहिले.

वसाहत स्वतःचा खर्च भागवत होती का?

नाही. लाकूड चांगले विकले जाई, विशेषतः पडौक. वनखाते १८८३ पासून होते. नारळ होता, थोडा चहा होता. पण तांदूळ आणि गहू बाहेरूनच येत राहिले.

हे सगळे कधी संपले?

हिंदुस्थानातल्या तुरुंगांची पाहणी करणाऱ्या कार्ड्यू समितीने १९२० च्या सुमारास काळे पाणी बंद करण्याची शिफारस केली आणि १९२१ मध्ये सरकारने ते तत्त्वतः मान्य केले. तरी इकडचे तुरुंग भरलेले, म्हणून पाठवणे पुरते थांबले नाही. मलबारमधले मोपला कैदी त्यानंतरचेच. जून १९४१ च्या भूकंपाने रॉसवरच्या इमारती खिळखिळ्या केल्या. २३ मार्च १९४२ ला जपानी उतरले. ऑक्टोबर १९४५ मध्ये इंग्रज परत आले आणि वसाहत कायमची रद्द झाली. जेलच्या सातांपैकी तीन शाखा आणि मनोरा आज उभा आहे. १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.

आमचे पूर्वज काळ्या पाण्यावर गेले होते असे घरात सांगतात. शोध कुठे घ्यावा?

आधी घरातली तीन गोष्टींची माहिती पक्की करा: शिक्षा कोणत्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात झाली, साधारण कोणते साल, आणि त्या काळी लावले जाणारे आडनाव. मुंबई इलाख्यातला खटला असेल तर मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारातले न्याय खात्याचे खंड सालाप्रमाणे चाळा. तिथे कैद्याचे नाव सापडले की मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याच्या ‘पोर्ट ब्लेअर’ शाखेचे कागद मागवा. माफी, सुटका, लग्नाच्या परवानग्या, घरच्यांचे अर्ज हे सगळे त्यात येते.

नाव सापडत नाही त्याचे नेहमीचे कारण म्हणजे रोमन लिपीतले शब्दलेखन. एकच ‘धोंडू वल्द राघू’ तीन कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, आडनाव बहुधा गाळलेले, आणि त्या जागी जात. म्हणून आडनावाने न शोधता नाव, बापाचे नाव आणि गाव असे शोधा. एकदा कैदी क्रमांक हाती लागला की नावाचा पाठलाग सोडा आणि क्रमांकच धरा. पुढच्या प्रत्येक कागदावर तोच असतो. आणि ‘अंदमानात मेला’ अशी आठवण असली तरी सुटकेच्या याद्या पाहा. काही जण सुटून घरी न परतता तिथेच राहिले, आणि गावाकडे ते मेल्यातच जमा झाले.